टाचणीखालची चिठ्ठी

येत्या १५ एप्रिलला इंग्लंडातील नॉर्विचच्या त्या काळ्या मोहरबंद पेटीची हकीकत वर्तमानपत्रांतून पुन्हा एकदा फिरेल. मार्गारेट फाउंटन नावाच्या फुलपाखरे टिपणाऱ्या बाईने १९४० साली त्रिनिदाद बेटावर देह ठेवल्यानंतर नॉर्विच कॅसल संग्रहालयात पोहोचलेली ही पेटी १५ एप्रिल १९७८ पर्यंत उघडावयाची नव्हती, आणि ती उघडली तेव्हा आतून रोजनिशीचे १२ खंड व दमास्कसच्या खलील नीमी या दुभाष्याच्या सहवासाची कहाणी बाहेर पडली, हे वाचकांना मुखोद्गत असल्यामुळे त्या प्रणयाची पुनरुक्ती मी करीत नाही. माझे कुतूहल निराळे आहे. पेटीसोबत महोगनीच्या दहा कपाटांतून सुमारे २२,००० फुलपाखरेही आली होती, आणि त्यांची दप्तरी मोजदाद कोणी कशी करावी, हा प्रश्न मात्र पेटीभोवती जमलेल्या गर्दीत सहसा कोणी विचारीत नाही.

अशी देणगी दाराशी आली म्हणजे जाणता संग्रहपाल प्रथम हर्षभरित होत नाही, साशंक होतो. अँथ्रीनस नावाच्या इवल्याशा भुंगेऱ्याची अळी एका पेटीतून आत शिरली, की वर्षानुवर्षांचा संचय आतल्या आत पीठ करून टाकते; म्हणून आलेला माल आधी कित्येक दिवस गोठवून ठेवावयाचा, मगच त्याला संग्रहालयाचा उंबरठा ओलांडू द्यावयाचा. त्यानंतर आवक-नोंदवहीत क्रमांक चढतो, आणि खरे काम सुरू होते. प्रत्येक टाचणीवर फुलपाखराखाली नखाएवढी चिठ्ठी असते, तिच्यावर स्थळ, तारीख आणि धरणाऱ्याचे नाव असते; ती वाचण्याकरिता टाचणीवरून हलक्या हाताने उतरवावी लागते, आणि त्या क्षणी वाळून कोळ झालेली मिशी तुटली तर ती पुन्हा उगवत नाही. चिठ्ठी गेली, तर उरलेले फुलपाखरू दिवाणखान्याच्या शोभेपुरते. मूळ कागद गहाळ झालेल्या वतनासारखी त्याची अवस्था होते, वहिवाट डोळ्यांना दिसते आणि हक्क मात्र शाबीत होत नाही.

चिठ्ठी गहाळ होण्याहून ती खोटी असणे अधिक भयंकर, हे कॉलिन वायट या इंग्रज गृहस्थाने दाखवून दिले. हा चित्रकार, बर्फावरील उड्यांत निष्णात आणि निसर्गप्रेमी म्हणून सर्वत्र स्वागत होणारा मनुष्य. त्याने १९४६-४७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील संग्रहालयांतून सुमारे ३,००० फुलपाखरे लांबविली आणि कित्येकांच्या खऱ्या चिठ्ठ्या काढून तेथे बनावट लावल्या. इंग्लंडात तो सापडला, त्याला दंड झाला, माल परत गेला. परंतु स्थळकाळाचा जो घोळ त्याने करून ठेवला होता, तो दंडाच्या रकमेने कसा फिटावा? परत आलेल्या नमुन्यांना ते वायटच्या चोरीच्या संग्रहातून गेले आहेत असे सांगणारी आणखी एक चिठ्ठी जोडण्यात आली. निरपराध फुलपाखराच्या माथी असा शेरा कायमचा बसला. मला तर या सबंध प्रकरणात ती शेऱ्याची चिठ्ठी हीच सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते.

इतक्या काटेकोरपणाचे प्रयोजन काय, असे विचारणाऱ्यांना लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे बोट दाखवावे. तेथे ब्रिटिश फुलपाखरांच्या लाखाहून अधिक चिठ्ठ्या छायाचित्रे घेऊन उतरवून काढण्यात आल्या, आणि त्यांवरील तारखा हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या असता, वसंत उबदार असलेल्या वर्षी फुलपाखरे लवकर उडू लागतात, हे शतकाहून जुन्या पुराव्याने दिसून आले. ज्यांनी त्या तारखा लिहिल्या, त्यांच्या मनात हवामानबदलाचा विचार यत्किंचितही नव्हता.

येथेच मार्गारेटबाईंचा संग्रह नोंदणाऱ्याला अडचणीत टाकतो. पंखाचा खवलाही न उडालेला नमुना हवा म्हणून त्या अंडी वा अळ्या आणून स्वतः वाढवीत. अशा घरी उपजलेल्या फुलपाखराच्या चिठ्ठीवरील तारीख रानातल्या ऋतूची साक्ष देतेच असे नाही. ती बाईंच्या डब्यातल्या उबेची असू शकते. म्हणून धरलेले कोणते आणि वाढवलेले कोणते, ही वर्गवारी आधी झाली पाहिजे, आणि त्या कामी रोजनिशी हा मोठाच आधार आहे: कोणत्या गावी मुक्काम, कोणत्या झाडावर अळी, सोबत कोण. वाचकांनी प्रेमपत्र म्हणून चाळलेले ते १२ खंड नोंदणीकाराच्या लेखी सलग ३८ वर्षे कुलपात अडकलेली फेरफाराची वही होते.

अळ्या वाढविण्याचा छंद आपल्याकडेही होता. कारवारकडील जंगलखात्यातल्या टी. आर. बेल यांनी अळी, तिची वनस्पती आणि तिचे फुलपाखरू यांची वर्णने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात एकत्र छापविली. मार्गारेटबाईंच्या संग्रहाच्या वाट्याला हा एकोपा आला नाही. त्यांनी जलरंगांत काढलेल्या अळ्या-कोशांच्या वह्या लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि प्रौढ फुलपाखरे, बाईंच्या इच्छेनुसार फाउंटन-नीमी संग्रह या जोडनावाने, नॉर्विचला आहेत. तेव्हा एकाच जीवाचे बालपण एका दप्तरी आणि तारुण्य दुसऱ्या दप्तरी पडलेले, आणि नोंदणीकाराला दोन्ही गावी हेलपाटे घालणे भाग.