नाट्यखेळातून लेखनाकडे

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास वाचन, लेखन आणि अंकज्ञान अवगत व्हावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. मात्र घडाघडा बोलणारी मुलेही कोऱ्या कागदापुढे अडखळतात. कोणासाठी आणि कशासाठी लिहायचे, हेच त्यांना उमगत नाही. नाट्यखेळ ही उणीव भरून काढतो.

ब्रिटनमधील शिक्षणतज्ज्ञ डोरोथी हीथकोट (१९२६-२०११) यांनी शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन शिकवण्याची पद्धत रुजवली. समजा, वर्ग म्हणजे विहीर आटलेले गाव आणि शिक्षक म्हणजे तालुक्याचे अधिकारी. लेखी अर्जाशिवाय टँकर मिळणार नाही, असे ते सांगतात. मुले आपसांत चर्चा करतात, वाद घालतात आणि मगच अर्ज लिहितात. त्यामुळे लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत. विहीर कधी आटली, घरे किती, असे प्रश्न अधिकाऱ्यांनी विचारताच मुले अपुरा अर्ज आपणहून सुधारतात.

या खेळाला रंगमंच, वेशभूषा वा पाठांतर लागत नाही. शुद्धलेखनाचा सराव मात्र स्वतंत्रपणे करून घ्यावा लागतो. लिहिण्याची निकड निर्माण करणे, हेच नाट्यखेळाचे खरे कार्य आहे.