मुलांसाठी रोज रात्री लिहिणारा मास्तर

भंडाऱ्याहून तुमसरकडे निघाले की वाटेत मोहाडी लागते. चौंडेश्वरीच्या देवळाचे हे गाव. याच तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या वस्त्रांसाठी नावाजलेले. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही मोहाडीला एका नातलगांकडे उतरलो होतो. रात्री जेवणे आटोपली आणि वीज गेली. मोबाईलही थोड्याच वेळात निजले, आणि मुलांनी गोष्टीचा धोशा लावला. हाताशी साने गुरुजींचे ‘मनूबाबा’ होते. कंदिलाच्या उजेडात तेच वाचावयास घेतले.

एका विणकराची ती कथा. एकाकी, माणसांना दुरावलेला, मागावर राबून मिळालेल्या मोहरा मोजण्यातच सुख मानणारा. एके दिवशी ते धन चोरीस जाते, आणि पुढे त्याच्या दारात येते एक अनाथ बालिका! घरातले म्हातारे आजोबा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांची सारी हयात मागावर गेलेली. वाचन थांबले तसे ते हळूच म्हणाले, “हा मनूबाबा आपल्या आंधळगावचा काय जी?”

मला हसू आले, आणि लगेच ओसरलेही. कारण मनूबाबा मूळचा इंग्लंडचा! जॉर्ज इलियट या लेखिकेने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीतला तो विणकर. पण गुरुजींनी त्याला असा काही मराठी केला, की जन्मभर धोटा फेकलेल्या माणसाला तो आपल्याच आळीतला वाटावा! ही किमया त्यांना साधली तरी कशी?

वसतिगृहातले दैनिक

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. दारिद्र्याशी झगडत एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की हा मास्तर त्यांच्या खोल्या झाडी, अस्ताव्यस्त अंथरुणे नीट करून ठेवी. तोंडाने उपदेश मात्र फारसा नाही.

सांगावयाचे ते ते लिहून सांगत. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दैनिक, बरे का! जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, गोष्टी आणि वसतिगृहातल्या बारीकसारीक गोष्टींविषयी चार शब्द, असा मजकूर ते एकहाती लिहून काढीत. दिवसभर शिकवून थकलेला माणूस रात्री पुन्हा लेखणी हाती घेई. ना मानधन, ना संपादकाचा तगादा, ना नावाची हाव. सकाळी वीसपंचवीस मुले वाचतील, एवढेच काय ते मोल!

लेखकाची खरी तालीम येथे झाली. वाचक समोरच बसलेला. वाक्य अवघड झाले की त्याचे कपाळ आठ्यांनी भरणार, कंटाळा आला की तो कागद सोडून पळणार. गुरुजींची साधी, बोलल्यासारखी भाषा अशा रोजच्या परीक्षेतून घडली.

पाच दिवसांत छत्तीस रात्री

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला. मध्यमवर्गीय घरात ठरावीक पगार सोडणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको! त्यानंतर ते मास्तरकीकडे परतले नाहीत. तुरुंगाच्या वाऱ्या मात्र सुरू झाल्या.

पण तुरुंगही त्यांना लेखनाची खोलीच झाला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांच्या ‘कुरळ’चे त्यांनी मराठी भाषांतर केले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा रविवारांची ती प्रवचने गुरुजींनी भराभर टिपून घेतली, म्हणून आज ती आपल्याला वाचावयास मिळतात.

आणि मग आले नाशिकचे कारागृह. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. त्या दिवशी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. दिवसा कैद्याचे काम, लेखन रात्री. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे ‘श्यामची आई’च्या छत्तीस रात्री लिहून झाल्या होत्या! उरलेल्या त्यांनी बाहेर आल्यावर पूर्ण केल्या.

पाच दिवसांत एवढे लेखन? यात चमत्कार नाही. आई गेली १९१७ साली. सोळा वर्षे ते दुःख आत मुरत होते, आणि हात तर ‘छात्रालय’ लिहून लिहून तयार झालेलाच होता.

गुरुजी फार रडवतात, अशी तक्रार काही जण करतात. तक्रारीत अगदीच तथ्य नाही असे नाही. पण पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला शिंपटीने बडवून बाहेर काढणारी आईही त्याच पुस्तकात आहे. ती आई हळवी खरी. दुबळी मुळीच नव्हे! आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर काढलेल्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

सुधाला पत्रे

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. तेथेही मुलांचा विसर पडला नाही. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे ‘साधने’त येत. पुढे ती ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपाने निघाली. राजकारण, फुले, पाऊस, घरच्या आठवणी, सारे काही त्यांत आहे. लिहिण्याची रीत तीच, अमळनेरची! एक मूल डोळ्यांपुढे ठेवायचे आणि त्याच्याशी बोलत सुटायचे.

मात्र दुसऱ्यांच्या मुलांचे डोळे पुसणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दुःख कोणी पुसू शकले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनीच आपली जीवनयात्रा संपविली. लेखणीतला गोडवा पाहून लिहिणाराही सुखी असेल असे आपण धरून चालतो. ते नेहमीच खरे नसते. घरातल्या हसऱ्या माणसाचीही अधूनमधून विचारपूस करावी, हे यातून शिकण्यासारखे आहे.

असो. मुले वाचत नाहीत, अशी ओरड आपण घरोघर करतो. पण मुलांसाठी आपण घरी चार ओळी तरी लिहितो का? आपल्याला गुरुजींची प्रतिभा नाही, मान्य. पण वहीचे एक पान तर आहे! मोहाडीहून परतल्यापासून आमच्या घरी रात्री मी एक चिठ्ठी लिहून दुधाच्या पेल्याखाली ठेवतो. दिवसातली एखादी गंमत, ऐकलेली गोष्ट, कधी कालच्या रागावण्याबद्दल दोन शब्द.

पहिले चार दिवस तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पाचव्या दिवशी कामाच्या घाईत लिहावयाचे राहून गेले. सकाळी पेला उचलून धाकटीने विचारले, “बाबा, आजचा कागद कुठे आहे?”