तेराव्याचा खर्च

वडिलांच्या तेराव्यानंतर आम्ही दोघे भाऊ एका पितळी घंगाळावरून बोलेनासे झालो. त्यावर मी कथा लिहिली. ती साभार परत आली. तिच्यात सगळी चूक दादाची होती. म्हणजे ती कथा नव्हतीच, फिर्याद होती. हे उमगलं ‘वाडा चिरेबंदी’ तिसऱ्यांदा वाचताना.

महेश एलकुंचवारांच्या या नाटकात (१९८५) तात्याजी गेल्यावर मुंबईचा सुधीर धरणगावच्या वाड्यात येतो. वाद तेराव्याच्या खर्चाचा. पण भास्कर बोलतो खर्चाबद्दल आणि मोजतो गावात काढलेली वर्षं. सुधीर नकार देतो, त्यामागे मुंबईतली ओढाताण असते. दोघेही आपापल्या जागी खरे. शिक्षण राहून गेलेली प्रभा आणि राबणारा चंदू यांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. बाहेर बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. मला तो या घरातला सर्वांत बोलका माणूस वाटतो!

आणि वहिनी. दागिन्यांवर नजर असलेली ही बाई सहज खलनायिका झाली असती. पण रात्री ती भास्करसमोर ते अंगावर चढवते, तेव्हा लोभापेक्षा राहून गेलेली हौस दिसते. पुढे तेच सोनं घेऊन रंजू पळते, तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

कथा पुन्हा लिहायला घेतली. घंगाळ दादाला का हवं होतं, हे त्याच्या तोंडून यायला हवं होतं. आणि मला ते ठाऊकच नव्हतं. गेल्या चैत्रात त्याला फोन केला.