पंचगिरी : एक जोडधंदा

रविवारी सकाळी मुंबईच्या आझाद मैदानावरून, अथवा एखाद्या जिल्ह्याच्या गावी शाळेच्या पटांगणावरून जाताना श्रोत्यांपैकी पुष्कळांनी एक दृश्य पाहिले असेल. चौदा-पंधरा वर्षांची मुले खेळात रंगून गेली आहेत, कडेला आईबाप व गुरुजी उभे आहेत, आणि या साऱ्या गलबल्यात दोन माणसे मात्र कोणाच्याच बाजूची नाहीत. त्यांना कोणी टाळ्या देत नाही. त्यांचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येत नाही. आणि त्यांची चूक झाली तर ती मात्र सर्वांच्या ध्यानात राहते. हे सामन्याचे पंच होत.

हे काम बहुधा कोणाचाही मुख्य व्यवसाय नसतो. पंचांमध्ये कारकून असतात, शिक्षक असतात, महाविद्यालयातील विद्यार्थी असतात, निवृत्त गृहस्थही असतात. त्यांना दिवसाअखेर काही मानधन मिळते. तेव्हा महागाईच्या या दिवसांत एखाद्या घरी असा प्रश्न सहजच उद्भवतो, की घरातल्या तरुणाने किंवा नोकरदाराने सुटीच्या दिवशी मुलांच्या सामन्यांत पंचगिरी केली तर तो जोडधंदा म्हणून परवडेल काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात न देता हिशेबाने देणे बरे.

प्रथम काम किती आहे ते पाहू. क्रिकेटच्या सामन्यास मैदानावर दोन पंच लागतात व गुणलेखक निराळे. कबड्डीच्या सामन्यास एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन साहाय्यक गुणलेखक, अशी सहा माणसे लागतात. खो-खोस दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी व एक गुणलेखक, अशी पाच. शालेय स्पर्धा चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांत, मुलांच्या व मुलींच्या निरनिराळ्या होतात. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी त्या चढत जातात. त्यांखेरीज जिल्हा संघटनांच्या किशोर व कुमार गटांच्या स्पर्धा असतात, गावोगावच्या मंडळांचे सामने असतात. यावरून ध्यानात येईल की ज्याला नियम येतात आणि ज्याचा शब्द विश्वासाचा आहे, अशा माणसाला कामाची वाण पडत नाही. वाण आहे ती अशा माणसांचीच.

या कामात शिरण्याचा मार्ग परीक्षेतून जातो. त्या त्या खेळाची जिल्हा वा राज्य संघटना पंचपरीक्षा घेते. लेखी उत्तरपत्रिकेबरोबर तोंडी प्रश्न व मैदानावरील प्रात्यक्षिक यांचाही त्यात समावेश असतो. ही परीक्षा सोपी असते असा अनेकांचा समज आहे, तो खरा नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 2022 साली मुख्यत्वे महिलांच्या व कनिष्ठ गटांच्या सामन्यांसाठी पंच निवडण्याकरिता परीक्षा घेतली. तीस सुमारे 140 उमेदवार बसले व उत्तीर्ण झाले अवघे 3. त्या वेळच्या एका प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली. प्रेक्षागाराची, झाडाची अथवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडते अशी तक्रार फलंदाजाने केली तर पंचाने काय करावे? प्रेक्षागार व झाड यांना हालविता येत नाही, म्हणून त्यांच्या सावलीची तक्रार मनावर घ्यावयाची नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र निश्चल उभे राहावयास सांगावयाचे, आणि तो हलला तर चेंडू मृत ठरवावयाचा, असे त्याचे उत्तर. नियमांचे पुस्तक पाठ असणाऱ्यासही ते चटकन सुचेल असे नाही. पंचाजवळ पाठांतर तर हवेच, परंतु प्रसंग पाहून नियमाचे मर्म ओळखणारी बुद्धीही हवी.

आता हिशेब मांडू. निरनिराळ्या खेळांचे व जिल्ह्यांचे मानधन सारखे नसते; म्हणून पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल धरावे आणि ज्याने त्याने त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घालून पाहावे. समजा, दिवसभराच्या शालेय क्रिकेट सामन्यास एक हजार रुपये मिळतात. ऐकताना ही रक्कम बरी वाटते. परंतु क्रिकेटच्या नियमांप्रमाणे पंचाने खेळ सुरू होण्यापूर्वी निदान 45 मिनिटे मैदानावर हजर असले पाहिजे. तेव्हा साडेसहास घर सोडावयाचे आणि सामना संपवून, कागदपत्रांवर सह्या करून सायंकाळी साडेपाचास परतावयाचे. हे अकरा तास झाले. गाडीभाडे व खाणेपिणे यांस दीडशे रुपये गेले तर उरले साडेआठशे. म्हणजे तासास सुमारे सत्याहत्तर रुपये.

पुढे वर्षाचा विचार करावा. हंगामाच्या सहा महिन्यांत चोवीस रविवार धरले, त्यांतले चार अवेळी पावसाने, आजारपणाने किंवा घरच्या कार्याने गेले, तर उरतात वीस दिवस. वीस दिवसांचे सतरा हजार रुपये होतात. त्यांतून गणवेश, बूट, टोपी, नियमांची पुस्तके व परीक्षेचे शुल्क यांकरिता पहिल्या वर्षी चार हजार वजा घातले, तर हाती राहतात तेरा हजार. दोनशेवीस तासांनी भागिले तर तासास एकोणसाठ रुपये, आणि बारा महिन्यांवर वाटले तर महिन्यास सुमारे अकराशे. दुसऱ्या वर्षापासून खर्च कमी होतो व ओळख वाढल्याने बोलावणीही वाढतात, हे खरे. तथापि मानधन त्याच दिवशी हाती पडेलच असे नाही. स्पर्धा संपून हिशेब पुरा होईपर्यंत थांबावे लागण्याचा प्रसंग येतो. कबड्डी-खो-खोत एका दिवसात अनेक सामने होतात व दर सामन्यामागे मानधन ठरले असेल तर कमाई बरी होते. पण त्या मानाने गळाही शिणतो आणि पायही.

एवढ्यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याला घरभाडे भरावयाचे आहे, कर्जाचा हप्ता फेडावयाचा आहे, त्याने पंचगिरीवर भरवसा ठेवू नये. तेवढ्याच तासांत शिकवणी करणाराही बहुधा अधिक मिळवील, आणि तेही सावलीत बसून. मात्र ज्याची मूळ मिळकत निश्चित आहे, खेळाची आवड आहे आणि जो एरवीही रविवारी मैदानावरच आढळला असता, त्याच्या दृष्टीने हाच हिशेब उलटा वाचावा लागेल. त्याच्या छंदाला खर्च पडत नाही, उलट वर्षाकाठी मुलांच्या पुस्तकांपुरते किंवा सणासुदीपुरते पैसे हाती येतात.

नोकरी सांभाळून केलेली पंचगिरी किती उंच नेऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पिलू रिपोर्टर हे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरीस होते. 1986 साली लाहोर येथे पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या कसोटी सामन्यात व्ही. के. रामस्वामी यांच्यासह ते तिसऱ्या देशाचे तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. एकंदर 14 कसोटी सामन्यांत त्यांनी पंचाचे काम केले. अलीकडचे उदाहरण नवी मुंबईच्या वृंदा राठी यांचे. विद्यापीठाच्या संघातून खेळल्यावर त्या गुणलेखनाकडे वळल्या, तेथून पंचगिरीकडे. आणि जानेवारी 2023 मध्ये रणजी करंडकाच्या सामन्यांत पंच म्हणून उतरलेल्या पहिल्या तीन स्त्रियांत त्यांची गणना झाली. अर्थात शंभरांत एखादाच या पायरीपर्यंत पोहोचतो. तरीपण गुणलेखनापासून आरंभ करावा, हा त्यातला बोध प्रत्येक नवशिक्याने घेण्यासारखा आहे.

पैशांच्या हिशेबात न येणारा एक खर्च मात्र या कामात आहे, तो अपमानाचा. मुले निर्णय निमूटपणे मानतात, पण दोरीबाहेरचा बाप मानीत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परदेशांत तर ही गोष्ट फार थरास गेली आहे. नेदरलँड्समधील अल्मेरे येथे डिसेंबर 2012 मध्ये एक गृहस्थ आपल्या मुलाच्या फुटबॉल संघाच्या सामन्यात रेषापंचाचे काम विनामूल्य करीत होते. सामन्यानंतर प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी त्यांना मारहाण केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. पुढे या प्रकरणी सहा मुले व त्यांपैकी एकाचा बाप दोषी ठरले. अमेरिकेत 2018-19 च्या हंगामानंतरच्या काही वर्षांत सुमारे 50,000 पंचांनी माध्यमिक शाळांच्या सामन्यांचे काम सोडले, असे तेथील शालेय क्रीडा महासंघाने सांगितले. प्रेक्षकांचे व पालकांचे वर्तन हे त्याचे एक ठळक कारण. क्रिकेटच्या नियमकर्त्यांनीही 2017 च्या नियमावलीत खेळाडूंच्या वर्तनाचे स्वतंत्र कलम घातले आणि गंभीर अपराधाबद्दल खेळाडूस मैदानाबाहेर घालविण्याचा अधिकार पंचास दिला. परंतु दोरीबाहेरच्या माणसाला घालविण्याचे कलम पुस्तकात कोठून असणार?

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे, आणि या विषयाचे मर्म तेथेच आहे. पंचाला बोलावतो कोण? स्पर्धेचा आयोजक. मानधन देतो कोण? तोच. आणि पुष्कळदा त्या आयोजकाचाच संघ अंतिम सामन्यात खेळत असतो. वेळ संपत आली आहे, दोन्ही बाजूंचे गुण समान आहेत, यजमान संघाच्या चढाईपटूचा पाय रेषेबाहेर पडला आहे. पंचाने तो पाहिला आहे, इतर कोणी पाहिलेला नाही. अशा वेळी ज्याची चूल पुढील रविवारच्या बोलावण्यावर पेटते, त्याची शिट्टी क्षणभर अडखळणार नाही काय? तो माणूस वाईट असेल असे नाही. गरजेत असेल इतकेच. म्हणून पंचगिरी हा जोडधंदाच असावा, मुख्य धंदा नसावा, असे म्हणण्यात केवळ पैशांचा हिशेब नाही. ज्याला नकार दिल्याने उपास पडत नाही, त्यालाच निर्भयपणे निर्णय देता येतो.

परंतु या विधानाचा विपर्यास करून, पंचाला गरज नाही, मग नारळ व शाल देऊन भागवू, असे आयोजक म्हणू लागतील तर ते अन्यायाचे होईल. मानधन अगदीच तुटपुंजे ठेवले तर खाऊनपिऊन सुखी असणारेच पंच होतील. गिरणगावातला जुना खेळाडू, खेड्यातला होतकरू विद्यार्थी, घर सांभाळून मैदानावर येऊ पाहणारी एखादी माजी कबड्डीपटू, ही खेळाचे खरे ज्ञान असणारी माणसे त्यातून गळतील. मानधन इतके असावे की प्रामाणिक माणसाला पदरमोड करावी लागू नये आणि त्याच्या रविवारचा मान राहावा. शिवाय ते संघटनेमार्फत मिळावे, म्हणजे पंच आयोजकाचा मिंधा राहत नाही.

ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. मानधन किती, प्रवासखर्च निराळा की त्यातच, सामना रद्द झाल्यास काय, आणि पैसे कोणत्या तारखेस मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे. त्यात संकोच नसावा. पहिला हंगाम लहान मुलांच्या सामन्यांत व गुणलेखनात घालवावा. नियमांचे पुस्तक दरवर्षी नवे घ्यावे, कारण नियम बदलतात. ज्या सामन्यात आपला मुलगा, पुतण्या किंवा विद्यार्थी खेळतो तो सामना नाकारावा. ज्याचा पारा चटकन चढतो त्याने या वाटेस जाऊ नये. आणि घरच्या मंडळींची संमती घ्यावी, कारण विकावयाचा असतो तो रविवार एकट्याचा नसतो.

पालकांचे कर्तव्य तर याहून सोपे आहे. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. मैदानावरच्या दोन मुखांतही तो आहे असे निदान सामना संपेपर्यंत मानावे. पायचीत दिलेला मुलगा मान खाली घालून परत येत असतो तेव्हा तो दोन गोष्टी पाहतो. पंचाने निर्णय देताना कोणाकडे पाहिले, ही पहिली; आणि निर्णय ऐकून बापाने काय केले, ही दुसरी. न्याय म्हणजे काय, हे त्याला कोणत्याही धड्यातून शिकविण्यापूर्वी तो तेथे शिकलेला असतो. महिन्यास अकराशे रुपयांत समाजाला असा शिक्षक मिळत असेल तर समाजाचा सौदा फायद्याचाच आहे. तो पंचालाही परवडावा, एवढी काळजी मात्र समाजाने घेतली पाहिजे.