आगाऊ दिलेला होकार

मागच्या वेळी आपण कृती आणि जबाबदारी यांचा विचार केला. आज तोच धागा एका घरगुती उदाहरणातून पुढे नेऊ. उदाहरण संगणकातलं आहे, पण घाबरायचं कारण नाही.

आमच्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली ती सुरू केली. तिच्यात सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, दुसरं तिसऱ्यावर. ही नाती सांभाळत पॅकेजेस आणणं, बदलणं, काढणं हे काम ‘अ‍ॅप्ट-गेट’ करते.

दर आठवड्याला त्याच आज्ञा टंकायचा कंटाळा आला, म्हणून आम्ही एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. पहिली ‘अपडेट’, दुसरी ‘डिस्ट-अपग्रेड’. पुष्कळांना दोन्ही एकच वाटतात. पण ‘अपडेट’ फक्त उपलब्ध पॅकेजेसची यादी ताजी करते. वाण्याकडचा भावफलक वाचून यावं तसं. सामान घरात येतं ते दुसऱ्या आज्ञेनं. पहिली ज्ञान, दुसरी कृती.

या दोहोंच्या मध्ये संगणक विचारतो: एवढं येणार, एवढं जाणार, पुढे जाऊ का? आम्ही ‘-वाय’ जोडून टाकला, म्हणजे आगाऊ ‘हो’. आता, साधी ‘अपग्रेड’ बसवलेलं पॅकेज काढत नाही. ‘डिस्ट-अपग्रेड’ मात्र पॅकेजांमधला विरोध मिटवायला काढू शकते. एका सकाळी लिहायला बसलो, तर देवनागरी टंकायचं पॅकेजच गायब! अ‍ॅप्टची नोंदवही उघडली. तारीख, वेळ, आज्ञा, सगळं लिहिलेलं. आज्ञा आमचीच.

न वाचता दिलेला होकार हा होकार असतो का? संमतीला माहिती लागते, आणि ती आम्ही घेतलीच नव्हती. पण म्हणून दोष यंत्राला देता येईल का? त्याने विचारलं होतं. न ऐकण्याची व्यवस्था आम्ही केली होती. तेव्हा संमती अपुरी, जबाबदारी मात्र पुरी.

आता ‘-वाय’ काढलाय. ‘-एस’ घालून आधी रंगीत तालीम घेतो: काय होईल ते दिसतं, प्रत्यक्षात काही बदलत नाही. यादी वाचतो, मग साधी ‘अपग्रेड’. कंटाळवाणं काम यंत्राला खुशाल द्यावं, पण ‘हो’ म्हणणं आपल्याकडे ठेवावं.

घरी जाताना एवढं आठवून पाहा: या आठवड्यात आपण न वाचता किती ठिकाणी ‘मान्य’ म्हटलं?