गमावलेल्या गुणांची वही

परीक्षेंत किती गुण मिळाले, हें प्रत्येक घरीं विचारलें जातें. परंतु किती गुण गेले आणि ते कोणत्या वाटेनें गेले, हें क्वचितच कोणी विचारतो. पूर्वींच्या लेखी परीक्षांत या दुसऱ्या प्रश्नाचें फारसें अगत्य नव्हतें. आजच्या स्पर्धापरीक्षांत मात्र चार पर्यायांतून एक वर्तुळ काळें करावयाचें असतें, आणि तें चुकल्यास बहुधा पदरचेही गुण कापले जातात. तेव्हां हा हिशेब कसा मांडावा, याविषयीं आम्हीं नुकतेंच एका घरीं जें पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बदलापूरच्या सोनिवली भागांत आमच्या एका स्नेह्यांचें एकत्र कुटुंब राहतें. वडील माणूस म्हणजे शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले आजोबा. त्यांचे दोघे मुलगे पहाटेच्या लोकलगाडीनें मुंबईस नोकरीला जाणारे. आणि थोरल्याचा मुलगा राज्यसेवा पूर्वपरीक्षेस बसलेला. त्याला पहिल्या प्रश्नपत्रिकेंत २०० पैकीं ९० गुण मिळाले, आणि अवघ्या सहा गुणांनीं मुख्य परीक्षेचें दार बंद झालें. "आपल्यानें हें व्हावयाचें नाहीं," असें म्हणून त्यानें पुस्तकें बांधून माळ्यावर टाकलीं.

आजोबांस याहून मोठें दुःख होतें. परीक्षेस निघतांना त्यांनींच नातवास बजावलें होतें, "कोरें कांहीं सोडूं नकोस." मुलानें तें ऐकून शंभरच्या शंभर प्रश्न सोडविले होते. निकालानंतर बँकेंत काम करणारे काका सहज बोलून गेले, "अंदाजानें उत्तरें दिलीं तेथेंच गुण गेले. शंका आली कीं सोडून द्यावें." आपल्या उपदेशानेंच नातवाचें वर्ष बुडालें, असें आजोबांच्या मनानें घेतलें, चार दिवस ते कोणाशीं धड बोलले नाहींत.

हा गुंता आजींनीं सोडविला. "दुधाचा हिशेब लिहितां, धोब्याचा लिहितां, मग या गुणांचाच तेवढा तोंडी कां ठेवितां?" त्यांचें म्हणणें सर्वांस पटलें. रविवारीं प्रश्नपुस्तिका, मुलाचीं उत्तरें आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन सारें घर बसलें. आम्हीही त्या वेळीं तेथेंच होतों.

प्रश्न १००, प्रत्येकास २ गुण, आणि चुकीच्या उत्तरास त्याचा एकचतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण, वजा. बरोबर उत्तरें ५६, चुकीचीं ४४. ११२ उणे २२, म्हणजे ९०. येथवर सर्वांस ठाऊकच होतें. पुढें काकांनीं वहींत तीन रकाने पाडले : मुळींच न येणारे प्रश्न, अर्धवट येणारे आणि नीट येणारे. मुलानें एकेक प्रश्न आठवून प्रामाणिकपणें योग्य त्या रकान्यांत घातला.

मुळींच न येणारे प्रश्न २४ निघाले. त्यांत ५ बरोबर व १९ चूक, म्हणजे पदरीं अर्धा गुण. दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोहोंत अडलेले प्रश्न २६. त्यांत १२ बरोबर व १४ चूक, म्हणजे १७ गुणांची कमाई. नीट येणारे प्रश्न ५०. हे पन्नासही बरोबर यावयाचे. परंतु त्यांतील ११ चुकलेले होते!

रकाना पुरा होतांच सारे क्षणभर स्तब्ध झाले. येणारा प्रश्न चुकला कीं त्याचे २ गुण जातात आणि वर अर्धा दंड बसतो. अकरा प्रश्नांचे मिळून साडेसत्तावीस गुण झाले. मुख्य परीक्षेस हवे होते सहा. यांतील तीन चुका टळत्या तरी साडेसात गुण हातीं येते. आजोबांचा उपदेश निर्दोष ठरला, आणि "आपल्यानें होणार नाहीं" हें मुलाचें म्हणणेंही खोटें ठरलें.

या अकरा चुका कसल्या होत्या ? सहा ठिकाणीं प्रश्नांत "कोणतें विधान बरोबर नाहीं" असें विचारलें असतां मुलानें बरोबर विधान निवडलें होतें. दोन ठिकाणीं विधानें अचूक ओळखूनही "फक्त अ व ब" ऐवजीं शेजारच्या पर्यायावर खूण केली होती. आणि एक प्रश्न मागाहून पाहूं म्हणून वगळल्यावर पुढील तीन उत्तरें एकेक ओळ वर सरकलीं होतीं. बॉलपेननें काळें केलेलें वर्तुळ पुसतां येत नाहीं, आणि दुसरें काळें करावें तर दोन उत्तरें दिल्याबद्दल तें चुकीचेंच धरलें जातें.

बहुपर्यायी परीक्षेचा उगम पाहिला तर यांत नवल वाटूं नये. अमेरिकेंतील कॅन्सस येथें फ्रेडरिक केली यांनीं १९१५ च्या सुमारास ही पद्धति प्रचारांत आणली, ती मुलांस मनांतल्या मनांत वाचलेलें नीट समजतें कीं नाहीं हें तपासण्यासाठीं. आजही ही परीक्षा ज्ञानाइतकीच वाचनाची आहे. दोन तासांत शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद; त्यांतील पांच सेकंद प्रश्नाचें शेवटचें वाक्य पुन्हा वाचण्यांत घालविले, तर ते वायां जात नाहींत.

आतां अंदाजाविषयीं. काकांचा नियमही सर्वत्र लागू पडत नाहीं. राज्यसेवेच्या नियमानें चार अगदीं अनोळखी प्रश्नांत सरासरीनें एक बरोबर आला, तर २ गुण मिळतात व दीड जातो, अर्धा उरतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत एकतृतीयांश गुण कापतात. तेथें अशा अंदाजानें नफाही नाहीं, तोटाही नाहीं. मात्र एक जरी पर्याय खात्रीनें बाद करतां आला, तर दोन्हीं ठिकाणीं उत्तर देणेंच सरासरीनें हिताचें. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंत बरोबर उत्तरास ४ गुण व चुकीस १ वजा. आणि राज्याच्या 'सीईटी'त गुण कापतच नसल्यानें तेथें कोरा प्रश्न ठेवणें म्हणजे निव्वळ हानि. अर्थात् ही सरासरी झाली. परीक्षकानें फसवे पर्याय मुद्दाम घातलेले असतात, म्हणून "हेंच असावें" असें उगीच वाटणें म्हणजे पर्याय बाद करणें नव्हे.

"पहिलें सुचलेलें उत्तर बदलूं नये," हाही समज पारखून घ्यावा. इलिनॉय विद्यापीठांतील दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचा अभ्यास २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत बदललेल्या उत्तरांपैकीं ५१ टक्के चुकीचीं होतीं तीं बरोबर झालीं. बरोबर होतीं तीं चुकलीं, अशीं केवळ २५ टक्के. सबळ कारण सुचलें तर मत अवश्य बदलावें. पण तें वर्तुळ काळें करण्याआधीं. याकरितां संशयित प्रश्नांचे क्रमांक कच्च्या कामाच्या जागींच टिपून ठेवावे, आणि दर दहा प्रश्नांमागें प्रश्नाचा व ओळीचा क्रमांक जुळतो कीं नाहीं तें पाहावें.

घरच्या वडीलधाऱ्यांसही आमची एक विनंती आहे. मूल सराव करून उठलें कीं "किती पडले ?" एवढेंच विचारूं नये. "येणारे किती चुकले, आणि कशामुळें ?" असें शांतपणें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल एक तर फुशारतें नाहीं तर खचतें. दुसऱ्यानें तें आपली चूक शोधूं लागतें.

सोनिवलीच्या त्या घरीं आतां दर रविवारीं सरावाची प्रश्नपत्रिका सोडविली जाते. घड्याळ आजोबांकडे, आणि वही काकांकडे. परवां आम्ही गेलों तेव्हां नीट येणाऱ्या प्रश्नांपुढील चुकांचा आंकडा अकरावरून चारावर आला होता. मुलगा म्हणाला, "चारही 'बरोबर नाहीं' वाचण्यांतल्याच आहेत." आजोबांनीं चष्मा पुसला, प्रश्नपुस्तिका जवळ ओढली आणि म्हणाले, "वाच पाहूं पुन्हा, मोठ्यानें."