मडक्याचा शिक्का आणि सरकारी कागद

केंद्र सरकारच्या एखाद्या मंत्रालयाला वातानुकूलन यंत्र खरेदी करावयाचे झाले, तर त्यावर ऊर्जाबचतीचे तारे किती आहेत, हे संबंधित अधिकाऱ्याला पाहावेच लागते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीतील, म्हणजे दिल्लीच्या बोलीतील ‘जीएफआर’मधील, नियम १७३ ने तसे बंधन घातले. त्याच मंत्रालयाला हजार रीम कागद घ्यावयाचा असेल, तर मात्र तो झाडापासून झाला, उसाच्या चिपाडापासून झाला की रद्दीपासून, आणि तो तयार करणाऱ्या गिरणीने कोणत्या नदीत काय सोडले, हे विचारण्याची सक्ती या नियमात नाही. कागदावरच चालणाऱ्या सरकारने कागदाविषयी बाळगलेले हे मौन साडेतीन दशकांचे आहे. पर्यावरणस्नेही मालाला मुद्रा देणारी ‘इकोमार्क’ योजना सरकारने स्वतःच १९९१ मध्ये जाहीर केली होती, हे लक्षात घेतले की या मौनाचे नवल वाटू लागते.

योजनेचा जन्मही राजकीय अस्थिरतेतला. चंद्रशेखर यांचे अल्पजीवी सरकार शेवटचे दिवस मोजत असताना, फेब्रुवारी १९९१ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तिची अधिसूचना काढली आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात पंतप्रधानांनी राजीनामा दिला. बोधचिन्ह म्हणून मातीचे मडके निवडण्यात आले. पुन्हा मातीला मिळणारी, कारागिराच्या हातून घडणारी वस्तू म्हणून ही निवड समर्पक होती. साबण, रंग, वंगणतेल, कापड यांच्याबरोबर कागद हाही योजनेतील सोळा उत्पादनवर्गांपैकी एक होता. निकषांचा आराखडा मंत्रालयाच्या सुकाणू समितीकडे, तांत्रिक तपशील केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि प्रत्यक्ष परवाना भारतीय मानक ब्युरोकडे, अशी त्रिस्तरीय रचना झाली. त्यामुळे मडके मिळवू पाहणाऱ्या गिरणीला आधी गुणवत्तेचा आयएसआय शिक्का मिळवणे भाग होते. दोन्हींचे शुल्क, तपासण्या आणि कागदपत्रे सांभाळून तिच्या पदरात काय पडणार होते? ग्राहकाला मडके ओळखू येत नव्हते आणि सरकारी खरेदीदार ते मागत नव्हता. परिणामी परवानाधारकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

इतर देशांत असा शिक्का जाहिरातीने रुजला नाही. तो रुजवला सरकारी खरेदीने. जर्मनीची ‘ब्लू एंजल’ मुद्रा १९७८ पासून आहे, आणि पुनर्निर्मित कागद हे तिचे सर्वांत परिचित क्षेत्र ठरले. अमेरिकेत अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये एका कार्यकारी आदेशाद्वारे संघीय कार्यालयांच्या छपाई व लेखनाच्या कागदात वापरून टाकलेल्या कागदाचा अंश किमान २० टक्के असावा, असे ठरवले. १९९८ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्यात आली. इतका मोठा ग्राहक समोर उभा राहिल्यावर गिरण्यांना वेगळे प्रबोधन करण्याची गरज उरली नाही.

भारतातही प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. सार्वजनिक खरेदी विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले. निविदांचे मूल्यमापन करताना किमतीबरोबर वस्तूचे पर्यावरणीय गुणधर्मही विचारात घेण्याची मुभा त्यात होती. पंधरावी लोकसभा २०१४ मध्ये विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. २०१८ मध्ये वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने शाश्वत खरेदीसाठी कार्यदल नेमले. दरम्यान ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या ऑनलाइन बाजारपेठेने लेखनसामग्रीची खरेदी पुष्कळ सोपी केली. परंतु किमान दराचा, अधिकाऱ्यांच्या भाषेत ‘एल-वन’चा, धाक तसाच राहिला. चार पैसे जास्त मोजून हिरवा कागद घेतला आणि उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप आला, तर उत्तर कोणी द्यायचे? अवर सचिवाच्या पातळीवरील ही भीती अवाजवी म्हणता येत नाही.

खरेदीने फक्त दर पाहावा, हे तत्त्व सरकारनेही सरसकट पाळलेले नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा घेण्याचा आदेश २०१२ चा. तो हिस्सा आधी २० टक्के होता, पुढे २५ टक्के झाला. ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा आदेश २०१७ चा. म्हणजे धोरणासाठी दराचा आग्रह सैल करता येतो, हे सरकारला ठाऊक आहे.

मात्र सक्ती करण्यापूर्वी अधिक अवघड प्रश्न सोडवावा लागेल, आणि त्याचा संबंध थेट महाराष्ट्राशी येतो. हिरवा कागद म्हणायचे कशाला? मूळ निकषांनुसार लेखन व छपाईच्या कागदातील किमान ६० टक्के लगदा बांबू, कठीण वा मऊ लाकूड आणि वेत-बोरू यांच्याखेरीज अन्य पदार्थांचा असणे आवश्यक होते. १९९१ च्या परिस्थितीत हे तर्काला धरून होते. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरच्या गिरणीकडे जात असताना बुरुडाला टोपलीपुरता बांबू मिळवणेही कठीण, हे चित्र विदर्भाने पाहिले होते. पण पुढे कायदा बदलला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात जाऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वनक्षेत्राबाहेरील बांबूही २०१७ मध्ये वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. ग्रामसभेने स्वतः राखलेल्या आणि नियमाने तोडलेल्या बांबूचा कागद मडक्याला अपात्र ठरावा, हे आता पटणारे नाही.

उलट बाजूही तपासावी लागते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २०१५ च्या सुमारास समाविष्ट झालेल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या शेजाराने कागद गिरण्या उभ्या राहिल्या. चिपाड, गव्हाचा भुसा आणि रद्दी हा त्यांचा कच्चा माल. अर्थात ६० टक्क्यांच्या अटीत चपखल बसणारा. पण लगदा शिजवल्यानंतर उरणारा काळा द्रव ही अशा गिरण्यांची जुनी व्यथा आहे. मोठी गिरणी त्यातील रसायने परत मिळवते. लहान गिरणीला ते यंत्र परवडत नाही, आणि शेतीच्या अवशेषांत सिलिका जास्त असल्याने ते नीट चालतही नाही. २००३ मध्ये केंद्रीय मंडळाने उद्योगांशी केलेल्या प्रदूषण नियंत्रणाच्या संकल्पनाम्यात लहान गिरण्यांचा हा प्रश्न ठळकपणे आला होता. झाड वाचले आणि काली नदी काळवंडली, तर त्या कागदावर मडके शोभणार कसे? दर हिवाळ्यात दिल्लीच्या धुरासाठी दोषी ठरणाऱ्या पंजाब-हरियाणातील भाताच्या पेंढ्याचा कागद करा, अशी सूचना वारंवार होते. ती आकर्षक आहे. पण भाताच्या पेंढ्यात सिलिका गव्हाच्या भुशापेक्षाही अधिक असते, हे सूचना करणारे क्वचितच सांगतात.

या वादाचा एक कोपरा सुखद आहे आणि तो पुण्याचा आहे. वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिलेल्या राज्यघटनेच्या हिंदी प्रतीचा कागद पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रात तयार झाला होता. प्रजासत्ताकाने आपला सर्वांत मोलाचा दस्तऐवज लिहिताना कागद कोठून आला, याची दखल घेतली होती. अर्थात हातकागदावर मंत्रालये चालत नाहीत, आणि तसा आग्रह धरणे भाबडेपणाचे ठरेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नवे इकोमार्क नियम अधिसूचित केले. अर्ज आता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावयाचा असून मानक ब्युरोचे सहकार्य कायम आहे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे. ‘मिशन लाइफ’च्या छत्राखाली आलेल्या या नियमांनी अर्जाची वाट सुकर केली, माल कोण घेणार, हा जुना प्रश्न मात्र खरेदीच्या नियमांकडेच राहिला.

ई-ऑफिस आले, २०२१ चा अर्थसंकल्प कागदाविना मांडला गेला, तेव्हा आता कागदाची चिंता कशाला, असा युक्तिवाद राजधानीत ऐकू येतो. न्यायालये, शाळा, परीक्षा मंडळे आणि तहसील कार्यालये यांच्याकडे पाहिले की तो टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंनी छापलेला ए-४ कागद स्वीकारण्याचे ठरवले. त्यासाठी एक परिपत्रक पुरेसे झाले. नियम १७३ मध्ये विद्युत उपकरणांच्या ओळीखाली कागदाची एक ओळ वाढवण्यासही संसदेत विधेयक आणावे लागत नाही. व्यय विभागाचा आदेश पुरतो. तो निघाला नाही, तर नव्या नियमांखाली मडके मिळवणारी गिरणी तीन वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्याकडे आलेली सरकारी मागणीपत्रे मोजून पाहील.